हसविणाऱ्याचे श्राद्ध

विनोदी नटावर काढलेला माहितीपट संपला आणि सभागृहातील निम्मे प्रेक्षक रुमाल शोधू लागले, तर तो माहितीपट साधला म्हणायचा की फसला? गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न माझ्यापुढे आला, तेव्हा मी इतर परीक्षकांच्या बरोबरीने ‘साधला’ असे उत्तर दिले. आज माझे उत्तर ‘फसला’ असे आहे. त्या फसवणुकीत माझेही गुण सामील होते, म्हणून हा लेख लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

झाले असे. आमच्या सिल्वासात मराठी माणसे एकत्र आली की एक गणपती बसतो आणि एक स्पर्धा निघते. गेल्या साली एका मंडळाने शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी माहितीपटांची स्पर्धा काढली. विषय होता ‘पडद्यावरचे जुने विनोदी नट’. वीस मिनिटांची मर्यादा. मोबाइलवर चित्रण केले तरी चालेल. विषय वाचून मला आनंद झाला. निबंध आणि वक्तृत्व यांच्या रहाटगाडग्यातून मुले एकदाची सुटली, असे वाटले. नऊ माहितीपट आले. परीक्षक तिघे: एक निवृत्त अधिकारी, एक वापीचे लग्नसमारंभांचे चित्रण करणारे गृहस्थ, आणि मराठीचा एम. ए. व हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून मी.

आमच्या हाती गुणपत्रिका देण्यात आली. विषयाची मांडणी २०, माहिती २०, छायाचित्रण व संकलन २०, निवेदन २०, सामाजिक संदेश २०. एकूण शंभर. वाचकहो, ही गुणपत्रिका पुन्हा एकदा वाचा. विषय विनोदी नटांचा आहे आणि ‘हसू आले का?’ असा रकाना तिच्यात कोठेही नाही. त्या दिवशी ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात घालविलेल्या माझ्याही नाही.

पहिले बक्षीस मिळाले भगवानदादांवरील माहितीपटास. कॉलेजच्या तीन मुलांनी तो मेहनतीने केला होता, यात शंका नाही. सुरुवातीला दादरच्या चाळीसारखी कोठलीशी चाळ, तिचा अंधारा जिना, पाठीमागे सारंगी. मग भारदस्त आवाजात निवेदन: बंगला गेला, मोटारी गेल्या, मित्र गेले, एके काळचा तारा पुन्हा चाळीत आला. मध्येच ‘अलबेला’तल्या नाचाचा एक तुकडा, त्यावरही निवेदन चालूच. पुन्हा जिना, पुन्हा सारंगी, शेवटी एका तसबिरीला हार. माझे डोळे पाणावले. मी ८२ गुण दिले.

घरी आल्यावर काहीतरी खटकत राहिले. मंडळाकडून तो माहितीपट मागून घेतला आणि घड्याळ लावून पाहिला. अठरा मिनिटांपैकी भगवानदादा प्रत्यक्ष नाचताना वा अभिनय करताना दिसत होते ते अठ्ठेचाळीस सेकंद. त्यांचा स्वतःचा आवाज एकदाही ऐकू येत नव्हता. ज्याने १९५१ साली ‘अलबेला’ स्वतः निर्माण केला, दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाचे काम करून साऱ्या देशाला नाचविले, त्याच्यावरील माहितीपटात तो अठ्ठेचाळीस सेकंद! उरलेला सगळा वेळ त्याचे श्राद्ध चालले होते आणि आम्ही तिघे परीक्षक पानावर बसलो होतो.

असे श्राद्ध हा काही त्या तीन मुलांचा दोष नव्हे. मोठ्यांचेच पाहून ती शिकली. जुन्या विनोदी नटाविषयी काही करायचे ठरले की आपल्याकडे तीन ठरलेल्या वाटा आहेत आणि तिन्ही वाटा त्याच्या विनोदापासून दूर जातात.

पहिली वाट रडगाण्याची. ‘जगाला हसविणारा, स्वतः मात्र रडणारा’ हे वाक्य इतके वापरले गेले आहे की त्याच्या कडा झिजून ते गुळगुळीत झाले आहे. भगवानदादांची पडती खोटी नव्हती. ती सांगूच नये असे मी म्हणत नाही. पण सांगायची तर कारणांसकट सांगा. ते नुसते पगारी नट नव्हते, निर्माते होते. पैसा त्यांचाच गुंतलेला होता आणि ‘अलबेला’सारखे यश पुढच्या चित्रपटांना लाभले नाही. ही व्यवहाराची गोष्ट आहे. तिला ‘नशिबाचे फेरे’ म्हणून टाकले की विचार थांबतो आणि सारंगी सुरू होते. आणि त्या नाचाचे काय? भगवानदादा आधी स्वस्तातले मारधाडीचे चित्रपट काढीत. कुस्तीची आवड, अंग कमावलेले. ते जाडसर अंग पडद्यावर जवळजवळ जागच्या जागी, खांदे आणि हात यांच्या नुसत्या हेलकाव्यावर इतके हलके होऊन नाचते, की बघणाऱ्याला वाटावे, हे तर मलाही जमेल! आणि जमलेही. मुंबईपासून आमच्या खानवेलपर्यंत वरातीत नाचणाऱ्या प्रत्येक काकांनी तो नाच केला आहे. तो नाच कसा बांधला आहे हे पाच मिनिटे थांबून दाखविणारा माहितीपट मला हवा होता. त्याने मला आधी हसविले असते. मग चाळीचा जिना दाखविला असता, तर तो अधिक लागला असता.

दुसरी वाट हारतुऱ्यांची. या वाटेवर नट दिसतच नाही. त्याच्याविषयी बोलणारी माणसे दिसतात. एका माहितीपटात राजा गोसावी यांच्यावर सहाजण बोलले. सहापैकी चौघांनी एकच गोष्ट सांगितली: ‘लाखाची गोष्ट’ पडद्यावर चालू असताना तिचा नायक पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकीत असे. गोष्ट गोड आहे, मीही ती कैक वर्षे सांगत आलो. पण ती ऐकून राजा गोसावी यांच्या अभिनयाविषयी आपल्याला काय कळले? काहीही नाही. तिकीट विकणारा दुसरा कोणी असता तरी गोष्ट तीच राहिली असती. खिशात दमडी नसलेला, सभ्य, गोंधळलेला, तरीही ऐट न सोडणारा मध्यमवर्गीय तरुण त्यांनी कसा उभा केला, हे पडद्यावर दिसायला हवे होते. ‘ते महान होते’ असे सहाजणांनी सांगितल्याने कोणी महान ठरत नाही. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, उत्तर नको, कृती दाखव. हाच नियम येथे का नको?

तिसरी वाट सोवळ्याची. दादा कोंडके यांचे नाव निघाले की माहितीपटवाल्यांची पंचाईत होते. लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनिज बुकातली नोंद, एवढे सांगून झाले की काय करायचे? द्व्यर्थी संवाद शाळेच्या मंचावर कसे दाखवायचे? मग एक तर ते गाळून दादांना संतमहात्मा करायचे, नाही तर नाक मुरडून ‘अभिरुचीहीन’ म्हणायचे. दोन्हींत दादा कोंडके उरत नाहीत. द्व्यर्थी विनोदाची सगळी गंमत अशी की बोलणाऱ्याचा चेहरा बावळट असतो आणि दुसरा अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात उगवतो. पडद्यावरचा नाम्या निरागस. पाप काय ते प्रेक्षकाचे. ही युक्ती दादांनी शोधलेली नाही. तमाशातल्या सोंगाड्याची बतावणी पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने चालत आली आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये शेकडो प्रयोग घासून दादा तिच्यात तयार झाले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’त त्यांनी ती पडद्यावर आणली. चित्रपटाचे नावच ‘सोंगाड्या’ आहे, आणखी किती स्पष्ट सांगायचे? आवडणे न आवडणे पुढचे. आधी तो विनोद कोठून आला, कसा चालतो, हे दाखवावे लागेल.

लहानपणी तलासरीच्या बाजूच्या एका जत्रेत, तंबूत, मी दादांचा चित्रपट वडिलांच्या शेजारी बसून पाहिला. वडील शिक्षक, कडक. तंबूत वारली माणसे होती, गुजराती दुकानदार होते, आमच्यासारखी मराठी कुटुंबे होती. मला त्या वयात अर्थ कळत नव्हते, पण एक गोष्ट कळली. हशा एकदम येत नव्हता. आधी एका कोपऱ्यातून येई, मग दुसऱ्या, मग शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितल्यावर तिसऱ्या. वडील हसले की लगेच माझ्याकडे पाहून गंभीर होत. घरी जाताना म्हणाले, “असले पुन्हा पाहायचे नाही.” आणि पुढच्या जत्रेत तिकिटे काढून आणली ती त्यांनीच. त्या तंबूतला हशा कसा सरकत गेला, हे आमच्या सीमेवरचे खरे भाषाशास्त्र आहे. त्यावर अजून कोणी माहितीपट केलेला नाही.

आता त्या स्पर्धेतल्या शेवटच्या, म्हणजे नवव्या क्रमांकाच्या माहितीपटाकडे येतो.

तो माझ्याच शाळेतल्या दहावीच्या एका मुलीचा होता. वडील मराठी, आई वलसाडकडची गुजराती. घरात दोन्ही भाषा एका ताटात. ती आजोबांना गुजराती रिवाजाप्रमाणे ‘दादा’ म्हणते. स्पर्धेचा विषय वाचून तिने मला विचारले होते, “सर, भगवानदादा, दादा कोंडके... मराठी सिनेमात इतके आजोबा होते का?” मी हसलो आणि विसरून गेलो. खरे तर त्याच क्षणी मी ओळखायला हवे होते की हिला विषय बरोबर सापडला आहे.

तिच्या माहितीपटात निवेदन नव्हते, सारंगी नव्हती. खाटेवर बसलेले ऐंशीच्या पुढचे आजोबा आणि त्यांच्यापुढे फोनवर चाललेला ‘लाखाची गोष्ट’. राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला, १९५२ चा चित्रपट. संगीत सुधीर फडके यांचे. तेच फडके, जे दोन वर्षांनी, १९५४ च्या उन्हाळा-पावसाळ्यात, आमच्या या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले. म्हणजे तो चित्रपट तसा आमच्या घरचाच. एक लाख रुपये महिन्याभरात खर्चून दाखवायचे, अशी अट दोन फटिंग मित्रांवर येऊन पडते, ही त्याची गोष्ट. मुलीने एक प्रसंग आरंभापासून अखेरपर्यंत न तोडता दाखविला. आजोबा हसू लागले. तिने चित्रपट थांबविला.

“दादा, अजून तर काही झालेच नाही. आधीच का हसता?”

“आता होणार आहे म्हणून.”

मग तिने विचारले की लाख रुपये खर्च करण्यात हसण्यासारखे काय आहे. लाखात तर आता साधी गाडीसुद्धा येत नाही. आजोबांनी सांगितले, “माझा पहिला पगार महिना साठ रुपये.” मुलीने पाटीवर गणित केले. साठ गुणिले बारा, वर्षाचे सातशेवीस. एक लाख भागिले सातशेवीस. आजोबांना एक लाख मिळवायला जवळजवळ १३९ वर्षे लागली असती, आणि पडद्यावरचे दोघे ते एका महिन्यात उडवू पाहताहेत. पाटी तिने कॅमेऱ्यापुढे धरली, मग तोच प्रसंग पुन्हा लावला. या वेळी ती आजोबांबरोबर हसली, त्यांच्या मागून नव्हे. माहितीपट संपला. अकरा मिनिटे.

मी ५४ गुण दिले. ‘सामाजिक संदेश’ या रकान्यात वीसपैकी तीन. शेरा लिहिला: ‘प्रयत्न चांगला, परंतु नटांविषयी माहिती अपुरी, निवेदनाचा अभाव.’ बाकीच्या दोघांनी माझ्याहूनही कमी दिले. माझ्या हातचा तो शेरा आज माझ्यापुढे आहे. तो शेरा म्हणजे आमच्या सगळ्या मराठी अभिरुचीचा आरसा आहे.

‘माहिती अपुरी’ म्हणजे काय? जन्मतारीख नव्हती. जन्मगाव नव्हते. पुरस्कारांची यादी नव्हती. पण १९५२ चा विनोद १९५२ साली का हसवीत होता, हे नवांपैकी एकाच माहितीपटात होते, ते या. यापेक्षा मोठी माहिती विनोदी नटाविषयी कोणती असू शकते?

आता कोणी म्हणेल, गुरुजी, हे घरगुती कौतुक झाले. मोठ्या माणसांच्या कामाला हे माप लावून पाहा. पाहतो. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या दोघा ब्रिटिशांनी १९८३ साली चार्ली चॅप्लिनवर ‘अननोन चॅप्लिन’ नावाचा तीन भागांचा माहितीपट दूरचित्रवाणीसाठी केला. चॅप्लिनच्या आयुष्यात रडगाण्याला काय कमी होते? लहानपणचे दारिद्र्य, आईचे वेड, लग्ने, घटस्फोट, अमेरिकेने बंद केलेले दार. या दोघांनी तो सगळा पसारा बाजूला ठेवला. चॅप्लिनच्या १९१६-१७ च्या लघुपटांची, अंतिम चित्रपटात न घेतलेली, टाकून दिलेली रिळे शिल्लक राहिली होती. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी पाटीवर क्रमांक होता. त्या क्रमांकांनी त्यांनी तुकडे ओळीने लावले आणि विनोद जन्माला येताना दाखविला.

‘द क्युअर’ हा १९१७ चा लघुपट घ्या. औषधी पाण्याच्या विहिरीवर उपचारासाठी आलेल्या श्रीमंत रोग्यांची गोष्ट. आधीच्या तुकड्यांत चॅप्लिन रोग्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलणारा नोकर आहे. दाराशी खुर्च्यांची कोंडी होते आणि तो चौकातल्या पोलिसासारखे हात करून ती सोडवू लागतो. प्रसंग चांगला, तरी चॅप्लिन तो टाकून देतो. मग तो स्वतःच रोगी होतो, आणि रोगी कसला, तर पेटीभर बाटल्या घेऊन आलेला दारुडा. त्या बाटल्या शेवटी विहिरीत पडतात आणि सगळे आरोग्यधाम झिंगते. हे तुकडे ओळीने पाहताना आपण दोनदा हसतो: एकदा टाकलेल्या प्रसंगाला, एकदा ठेवलेल्या. आणि या माणसाने किती मेहनत केली असेल, हे निवेदकाने न सांगता कळते. त्याच दोघांनी पुढे १९८७ मध्ये बस्टर कीटनवर आणि १९८९ मध्ये हॅरॉल्ड लॉइडवर असेच माहितीपट केले. माझ्या विद्यार्थिनीने आपल्या बुद्धीने हेच केले होते. साधने वेगळी, रीत एकच: विनोद पूर्ण दाखवा, मग तो उघडून दाखवा.

यावर एक खरा आक्षेप आहे. चॅप्लिनची रिळे वाचली, आमची कोठे वाचली? हे दुःख मला मान्य आहे. जुन्या चित्रपटांची फिल्म नायट्रेटची, भुकटी होऊन जाणारी वा भडकन पेट घेणारी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन होईपर्यंत कितीतरी रिळे नाहीशी झालेली होती आणि जी जपली त्यांतलीही कित्येक २००३ च्या पुण्यातल्या आगीत जळाली. म्हणूनच जे उरले आहे त्यावर निवेदन लादून ते झाकू नका, असे माझे म्हणणे आहे. उपाशी घरात आलेले दूध नैवेद्याला ठेवून नासवू नये.

दुसरा आक्षेप आमच्या अधिकारी परीक्षकांनी काढला. “सर, हसणे हा काही अभ्यास नव्हे.” नव्हे? एक उदाहरण देतो. सचिन यांनी दिग्दर्शित केलेला १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. लिहिला वसंत सबनीसांनीच, ज्यांनी ‘विच्छा’ लिहिले. त्यात अशोक सराफ यांचा धनंजय माने, बाईच्या वेशातल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची ओळख ‘ही माझी’ऐवजी ‘हा माझा’ बायको अशी करून देतो. सारा महाराष्ट्र आजही त्या एका वाक्यावर हसतो. का? विनोद वेशात नाही, व्याकरणात आहे. जीभ घसरून खरे बोलते. आता हे वाक्य इंग्रजीत नेऊन पाहा. इंग्रजीत ‘हा’ही नाही आणि ‘माझा’ही नाही, विनोद जागीच मेला. गुजरातीत नेऊन पाहा. तेथे ‘मारी’चा ‘मारो’ होईल, पण ‘आ’ हे दोन्ही लिंगांना एकच. म्हणजे विनोद अर्धा जगला. मी हे नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिले. वर्षभर लिंगविचार शिकवून जे त्यांच्या गळी उतरले नव्हते, ते तीन मिनिटांत उतरले. आणि गुजराती बोलणाऱ्या घरांतली मुले सर्वांत आधी समजली, कारण त्यांच्याजवळ तुलना होती. हसणे हा अभ्यास नसेल, तर अभ्यास कशाला म्हणायचे?

येथे मला आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकांशी चार शब्द वेगळे बोलायचे आहेत. पुण्या-मुंबईच्या मुलाला जुना विनोद कळला नाही तर त्याचे फारसे बिघडत नाही. त्याच्या आसपास नवा मराठी विनोद रोज घडतो आहे. आपले तसे नाही. आपली मुले बाजारात गुजराती बोलतात, कारखान्याच्या फाटकावर हिंदी, शाळेत निम्मे इंग्रजी. मराठी उरते ती घरात, आरतीत आणि मंडळाच्या कार्यक्रमांत. तेथेही तिच्या वाट्याला हार, समई, भारदस्त निवेदन आणि पाणावलेले डोळेच येणार असतील, तर ही भाषा मुलांच्या मनात कोणत्या खणात जाऊन बसेल? तसबिरींच्या. परीक्षेपुरती भाषा कोणालाही येते. पण आजोबांबरोबर, त्यांच्याच क्षणी हसू येणे, हे ती भाषा घरची असल्याशिवाय होत नाही.

आणि हसण्याची सामग्री आपल्या दाराशीच पडली आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना जन्म देणारे चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवीत. म्हणजे मराठीतली ही अजरामर विनोदी जोडी गुजरातेत जन्मली, दोन भाषांच्या शेजारात. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी तिला पडद्यावर आणले, पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी. या जोडीवर माहितीपट करायचा तर तो बडोद्याच्या आणि सिल्वासाच्या मुलांनी करावा, त्यांचा तो हक्क आहे. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायकांचा ‘ब्रँडीची बाटली’ १९३९ चा. त्याच वर्षी ऑगस्टात मुंबईत दारूबंदी आली. पुण्याच्या मुलाला हा संदर्भ पुस्तकातून सांगावा लागेल. आपल्या मुलांना? नाक्याच्या अलीकडे दुकानात उघड मांडलेली बाटली नाक्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत, गुन्हा होते, हे येथले पाचवीतले पोर जाणते. एका बाटलीपायी भल्याभल्या माणसांची तारांबळ का उडते, हे कळायला सिल्वासाइतकी चांगली जागा भारतात दुसरी नसेल.

टीका करून थांबणे हे मास्तरकीला शोभत नाही, म्हणून मंडळाला मी एक नवी गुणपत्रिका लिहून पाठविली आहे. तीच येथे देतो. कोणाही मंडळाने खुशाल वापरावी.

हसू: ४० गुण. निदान एक विनोदी प्रसंग आरंभापासून अखेरपर्यंत, निवेदनाशिवाय, नटाच्या स्वतःच्या आवाजात दाखविला आहे काय? परीक्षक हसले काय? हसले नसतील तर का नाही, ते त्यांनी लिहावे.

हसू कशाचे: २५ गुण. भाषेचे, काळाचे की अंगाचे? ते बोलून सांगितले आहे की दाखविले आहे?

पुरावा: १५ गुण. प्रत्येक तुकड्यावर चित्रपटाचे नाव, साल, दिग्दर्शक आणि लेखक. विनोदी नटाच्या तोंडचे वाक्य कोणीतरी लिहिलेले असते, हे आपण नेहमी विसरतो.

आयुष्य: १० गुण. सुखदुःख कारणांसह. ‘नशीब’ हा शब्द आल्यास पाच गुण कमी.

तंत्र: १० गुण. सारंगी वाजल्यास परीक्षकांनी विवेक वापरावा.

एकूण शंभर. या मापाने मी नऊही माहितीपट घरी पुन्हा तपासले. भगवानदादांचा माहितीपट ८२ वरून ३१ वर आला. आजोबांचा ५४ वरून ८३ वर गेला. सतरा कापले ते लेखक-दिग्दर्शकांची नावे पडद्यावर न दिल्याबद्दल आणि राजा गोसावी यांच्या आयुष्याविषयी अक्षरही नसल्याबद्दल. शिस्त ती शिस्त.

निकाल बदलता येत नाही. बक्षिसे वाटली गेली, फोटो निघाले. पण मी त्या मुलीला ऑफिसात बोलावले, माझा जुना शेरा तिच्यापुढे ठेवला आणि तो चुकीचा होता असे तिला सांगितले. मुख्याध्यापकाने असे म्हणावे याची तिला सवय नसावी. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, पण दादा म्हणत होते, त्यांना अजून तीन सिनेमे दाखवायचेत मला. करू का?”

यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती तीन पिढ्या बसतील, तेव्हा कोणाच्या तरी फोनवर जुना चित्रपट लावा. निवेदन करू नका. आजोबा कोठे हसतात ते मुलांना पाहू द्या आणि ‘का?’ असे विचारू द्या. जमल्यास दुसऱ्या फोनवर त्याचे चित्रण करून ठेवा. स्पर्धेची जाहिरात जानेवारीत निघते.